तिच्या रांगेतला भुसा

उंदीरघराला एकामागे एक अशी दोन दारं होती. पहिलं नीट लागल्याशिवाय दुसरं उघडत नसे. आतला उंदीर बाहेर जायला नको आणि बाहेरची घाण आत यायला नको, म्हणून ही सोय. दोन दारांच्या मधे जेमतेम एका माणसापुरती जागा. त्या सकाळी त्या जागेत दोन माणसं आणि एक ढकलगाडी अडकली, आणि त्यांतलं एक माणूस छोटी होती.

छोटी हे तिचं घरातलं नाव. ताईच्या पाठची म्हणून छोटी. एरवी तिच्यात छोटं असं काहीच नव्हतं. घरातलं सगळ्यात मोठं दिसणारं माणूस म्हणजे छोटी, आणि तिच्या खालोखाल बाबा. नाव ठेवताना पुढचा विचार कुणी करत नाही.

ती बाहेरून आत आली, दार लागलं. तेवढ्यात आतलं दार उघडून कुणीतरी पाठमोरं गाडी ओढत तिच्यावरच आलं. तेही दार लागलं, आणि वीज गेली.

"अरे... दिसलं नाही मला," पाठमोरा अंधारात म्हणाला.

"मी न दिसणं जरा अवघड आहे," छोटी म्हणाली.

"पाठीला डोळे नाहीत ना."

"मग ठीक."

भिंतीवरचा बारका लाल दिवा लागला. दोघंही अंगभर निळ्या झग्यात, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. उघडे ते फक्त डोळे. त्याचे डोळे हसत होते, आणि कोपऱ्यात बारीक सुरकुत्या पडत होत्या – वयाच्या नव्हे, सवयीच्या. छोटीनं घाईघाईनं नजर गाडीकडे वळवली. गाडीत पाण्याच्या रिकाम्या बाटल्या होत्या. बाटल्यांकडे किती वेळ बघणार?

आणि मग तिला खोकला आला. नुसता आला असता तर काही नाही, पण तो आला तो पाहुण्यांसारखा, सगळ्या नातलगांना घेऊन. छातीत बारीक शिट्टी वाजायला लागली.

"तुम्ही बोलू नका," तो म्हणाला. "मी बोलतो. जनरेटर लागेपर्यंत कुणीतरी बोललं पाहिजे, नाहीतर फार विचित्र वाटेल... मी इथे नवा आहे. पिंजरे बघतो. तुम्ही डाव्या भिंतीच्या रांगांच्या ना? तुमच्या खालच्या रांगेतली शेवटून दुसरी फार आळशी आहे हो. खाणं पोटाखाली घेऊन झोपते. उशीही तीच, जेवणही तेच."

"ती आळशी नाही," छोटी धापा टाकत म्हणाली. "तिला मी तसं केलंय."

"म्हणजे?"

"खाऊ घालून."

दिवे आले. दार उघडलं. दोघांनाही उगाचच वाटलं, की जनरेटर जरा जास्तच तत्पर निघाला.

छोटीचं काम सांगायला सोपं आणि करायला किचकट होतं. वरच्या रांगेतल्या उंदरांना साधं, कडक खाणं मिळे. खालच्या रांगेतल्यांना चरबीनं भरलेलं, बोटाला चिकटणारं खाणं. काही आठवड्यांत खालचे गोल होत. मग दोन्ही रांगांना नाकातून थोडी धूळ हुंगवायची आणि शेवटी फुप्फुसं बघायची. आधीच्या दोन खेपांना जाड्यांची फुप्फुसं जास्त सुजलेली निघाली होती. चरबी नुसती पोटावर बसून राहत नाही, ती अंगभर चिथावणी देत फिरते, आणि मग साध्या धुळीवरही फुप्फुसं अशी चवताळतात, की जणू घराला आग लागली. हे कसं होतं, ते छोटीला शोधायचं होतं. तिसरी खेप जमली की समितीपुढे जायचं, आणि समिती 'हो' म्हणाली की काम पुढे चालू. 'नाही' म्हणाली तर चार वर्षांचं काम बांधून माळ्यावर.

हा विषय तिनं का निवडला, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी जन्मभर बस चालवली. बसायचं काम आणि थांब्याथांब्यावरचं तळलेलं खाणं. आता जिना चढले की त्यांची छाती वाजायची. ते म्हणत, "माझ्या पोरीनं माझ्यावरच अभ्यास काढला. उंदरांना कशाला त्रास? मला दोन वेळचं खायला घाल आणि लिहून घे."

घरात एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. हल्ली छोटीची छातीही वाजत होती. तिनं सुजलेली फुप्फुसं सूक्ष्मदर्शकाच्या काचेवर इतकी पाहिली होती, की स्वतःच्या आत काय चाललं असेल याचं चित्र तिला डोळे मिटूनही दिसे. म्हणूनच ती डॉक्टरकडे जात नव्हती. ज्याला कमी माहिती असते तो बिचारा लवकर जातो.

नव्याचं नाव 'नवा' असंच पडून गेलं. त्याच्यानंतर दोघे आले, तरी नवा तोच. आधी तो पक्ष्यांच्या दवाखान्यात होता. तिथून एक सवय घेऊन आला होता, प्राण्यांशी बोलायची. उंदीरघराला खिडकी नव्हती. म्हणून छोटी आत आली की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"बाहेर काय?"

"पाऊस. पण आळशी. पडू की नको असं चाललंय."

पुढच्या पाळीला: "आज आडवा आहे. छत्रीवाल्यांची फजिती बघण्यासारखी."

"तुम्ही काय केलंत?"

"भिजले. मग छत्रीवाल्यांकडे बघून हसले."

पिंजऱ्यांच्या फळ्यांच्या एका बाजूला ती उंदरांचं वजन करी, दुसऱ्या बाजूला तो बाटल्या भरी. मधल्या फटीतून डोळे तेवढे दिसत. छोटीला तो निळा झगा फार आवडे. त्यात सगळी माणसं सारखीच दिसत – गाठ मारलेली गाठोडी. बाहेरच्या जगात लोक आधी तिचा आकार बघत आणि मग, वेळ उरला तर, तिला. इथे मात्र कुणीतरी फक्त तिच्या डोळ्यांशी बोलत होतं, आणि डोळे, तिला वाटे, बऱ्यापैकी सडपातळ होते.

"तुमचे डोळे आज पुन्हा लाल," तो एकदा फटीतून म्हणाला. "उंदरांसाठी रडता का?"

"रडत नाही. पाणी येतं."

"कशानं?"

"इथल्या वासानं असेल. खालच्या रांगेला फार येतो."

"खाणंच तसलं आहे. भुशात सांडतं, भुसा तेलकट होतो, त्यात त्यांची लघवी... मग वास येणारच." तो जरा थांबला. "आणि खोकला?"

"तो माझा खासगी आहे."

"बरं. खासगी तर खासगी. पण ऐकू सगळ्यांना येतो हो."

ती हसली, आणि हसताना पुन्हा खोकली. फटीतले डोळे मात्र या वेळी हसले नाहीत.

पुढच्या दिवसांत गंमत अशी झाली, की छोटीला उंदीरघर आवडायला लागलं. वासही कमी झाल्यासारखा वाटला. ताईनं घरी विचारलंसुद्धा, "काय गं, उंदीर बघायला जाताना कुणी काजळ घालतं का?"

"डोळ्यांना बरं असतं," छोटी म्हणाली.

"उंदरांच्या?"

तिसऱ्या खेपेतल्या अर्ध्या उंदरांची फुप्फुसं काचेवर आली त्या दिवशी मात्र काजळ वाहून जाईल असाच निकाल लागला. वरच्या रांगेतले बारीक उंदीर थोडे सुजलेले. खालच्या रांगेतले गोल उंदीर... तेही थोडेच. दोन्ही जवळपास सारखे. आधीच्या दोन खेपांना डोळ्यांत भरणारा फरक या वेळी गायबच झाला होता.

मॅडमनी – छोटीचं काम बघणाऱ्या मॅडम, ज्या रागावल्या की आवाज उलट खाली आणत – काचा पुन्हा पुन्हा पाहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "रांगा उलटसुलट तर नाही ना केल्यास?"

"नाही मॅडम."

"खाणं बदललं? नाकात धूळ कमी घातली?"

"नाही."

"मग काय झालं ते शोध. समितीपुढे 'काय झालं माहीत नाही' असं म्हणायला मी जाणार नाही, आणि तुलाही जाऊ देणार नाही."

छोटी घरी गेली आणि जेवली नाही. बाबांनी तिच्या ताटाकडे पाहिलं आणि टीव्हीचा आवाज कमी केला. त्यांच्याकडची ही काळजीची सगळ्यात वरची पायरी होती.

दुसऱ्या दिवशी तिची उंदीरघराची पाळी नव्हती, पण उरलेल्या उंदरांचं खाणं तपासायला ती दुपारी गेली. झगा, टोपी, मास्क, पहिलं दार, दुसरं दार. आणि समोर नवा. खालच्या रांगेतले पिंजरे एकेक करून खाली काढलेले. जुना भुसा पिशवीत, नवा पांढराशुभ्र भुसा पिंजऱ्यात. वरच्या रांगेला त्यानं हातही लावलेला नव्हता.

"हे काय चाललंय?"

तो दचकला. हातातली आळशी उंदरीण मात्र दचकली नाही. ती तिच्या स्वभावाप्रमाणे लोंबकळत राहिली.

"भुसा बदलतोय."

"आज भुसा बदलायचा दिवस नाही."

"नाही."

"आणि बदलायचा तर सगळ्यांचा. एका दिवशी, सगळ्यांचा. हा इथला पहिला नियम आहे."

"सगळ्यांचा बदलतोच. ठरलेल्या दिवशी." त्यानं उंदरिणीला अलगद भुशावर ठेवलं. "ह्यांचा मधे एकदा... जास्तीचा बदलतो."

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

 छोटी तिथल्या उंच स्टुलावर बसली. डोक्यात सगळं एका झटक्यात जागेवर आलं. बारीक उंदीर आठवडाभर लघवीच्या उग्र वासात बसले, म्हणून त्यांची फुप्फुसं थोडी चिडली. जाड्यांना मात्र सतत ताजं अंथरूण, स्वच्छ हवा, म्हणून त्यांची कमी चिडली. मधला फरक या माणसानं झाडून पिशवीत भरला होता.

"का?" ती म्हणाली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही." तो पिशवीची गाठ मारत राहिला. एकदा मारली, सोडली, पुन्हा मारली. "उद्या तुमचा दिवस असतो ना... खालच्या रांगेपाशी आलात की तुम्ही खोकता. भुसा ताजा असला की कमी खोकता. मी पाहिलंय. म्हणून आदल्या दिवशी..."

उंदीरघरात पंख्यांचा आवाज सतत असतो. त्या क्षणी तो फारच मोठा वाटला.

छोटीला त्याला ओरडायचं होतं. 'माझी तिसरी खेप बुडवलीत' हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, आणि ते खरंही होतं. पण त्याच्या शेजारी दुसरंच वाक्य येऊन बसलं होतं – आपण खोकू नये म्हणून कुणीतरी एवढ्या पिंजऱ्यांचा घाणेरडा भुसा उपसतंय, आणि त्याचा एक शब्दही बोललेलं नाही. दोन्ही वाक्यं एका दारातून एकदम बाहेर पडू पाहत होती, त्यामुळे एकही पडलं नाही.

"तुम्हाला माहितेय का तुम्ही काय केलंत?" शेवटी ती एवढंच म्हणाली, आणि सगळं समजावून सांगितलं.

ऐकताना त्याचे डोळे हळूहळू मोठे होत गेले. "म्हणजे... माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे."

"मी जाऊन मॅडमना सांगतो. आत्ता."

"नोकरी जाईल."

"तुमचं काम तर नाही ना जाणार."

मॅडमच्या खोलीत झगा घालून जाता येत नाही. दोघंही कपडे बदलायच्या आपापल्या खोलीतून बाहेर पडून, साध्या कपड्यांत तिथे पोचले, आणि दारातच एकमेकांपुढे आले. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती, आणि दाढी अशी उगवली होती, की जणू तिनं अजून मनावर घेतलेलं नाही. छोटीनं पिवळा कुर्ता घातला होता, आणि त्या कुर्त्यात ती पूर्ण दिसत होती, इथपासून तिथपर्यंत. पण त्याला त्या वेळी मॅडमची भीती वाटत होती आणि तिला समितीची, त्यामुळे एकमेकांना न्याहाळायचं दोघंही विसरले.

नव्यानं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, 'खोकला' हा शब्दसुद्धा नाही.

मॅडमनी चष्मा काढला. "तिचा खोकला ऐकून तू भुसा बदललास."

"हो मॅडम."

"फक्त खालच्या रांगेचा."

"जिथे वास यायचा तिथला."

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हणजे माझ्या प्रयोगात एक गट जाडा, एक गट बारीक, आणि एक गट प्रेमात. हा तिसरा मी कागदावर मांडला नव्हता."

छोटीनं फरशीकडे पाहिलं. नव्यानं छताकडे.

"ही खेप गेली," मॅडम म्हणाल्या. आवाज मात्र नेहमीचा होता, खाली आलेला नाही. "पण का गेली ते कळलं. समितीला मी तसंच सांगेन. आधीच्या दोन खेपा भक्कम आहेत, तिसरी पुन्हा लावू. वेळ मागून घेते. आणि तू..." त्या नव्याकडे वळल्या, "चूक स्वतः येऊन सांगितलीस म्हणून इथे उभा आहेस. पुन्हा नियम मोडलास तर दयामाया नाही. जा."

तो गेला. छोटीही निघाली.

"तू थांब. खोकला कधीपासून आहे?"

"आहे... थोडे दिवस."

"फुप्फुसांवर काम करतेस ना? की मला चुकीचं आठवतंय?" मॅडमनी चष्मा पुन्हा चढवला. "छातीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय उंदीरघरात पाऊल टाकायचं नाही."

छातीचे डॉक्टर म्हातारे होते आणि घाईत नव्हते. त्यांनी तिला एका नळीत जीव खाऊन फुंकायला लावलं. मग हातावर थेंबाथेंबानं कसकसली द्रावणं ठेवून बारीक टोचलं. छोटी खुर्चीत बसून वाट बघत राहिली. डोळ्यांपुढे काचेवरची फुप्फुसं येत होती, सगळी जाड्या रांगेतली. बाबांची छाती, जिना, आणि मग आपण. हे सगळं तिनं इतक्या वेळा मनात लिहून ठेवलं होतं, की डॉक्टरांनी फक्त सही करायची बाकी होती.

डॉक्टरांनी तिचा हात उजेडात धरला. एक गांधी टम्म फुगली होती, बाकी जागा शांत.

"काय काम करता?"

"उंदरांबरोबर."

"उंदरांना तुम्ही आवडत असाल. तुमच्या शरीराला उंदीर अजिबात आवडत नाहीत. त्यांच्या लघवीची, केसांची ॲलर्जी आहे. अशा कामात बऱ्याच जणांना होते."

"आणि... वजन?" हा शब्द तिनं गिळता गिळता बाहेर काढला.

"आहे ना. ते मी नाही म्हणणार नाही. असलेल्या सुजेला ते जोर देतं, तुम्हाला मी काय सांगू, तुमचाच विषय आहे. थोडं कमी झालं तर छातीला बरंच वाटेल. पण पेटवलं आहे ते उंदरांनी." त्यांनी नळीचा कागद तिच्यापुढे सरकवला. "फुप्फुसं चांगली आहेत. वेळेत आलात. औषध ओढायचं, आणि आत जायचंच असेल तर तोंडभर बसणारा मोठा मास्क लावून, क्वचित. रोजचं काम दुसऱ्या कुणाला तरी करू दे."

छोटीनं मान डोलावली. ती बाहेर आली आणि जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. डोळ्यांना पाणी आलं, आणि आसपास एकही उंदीर नव्हता.

खाली, दवाखान्याच्या फाटकापाशी, एक माणूस रिमझिम पावसात बिनछत्रीचा उभा होता.

"तुम्ही इथे?"

"मॅडमनी सांगितलं तुम्ही इथे आलात म्हणून." नव्यानं चेहऱ्यावरचं पाणी निपटलं. "काय म्हणाले?"

तिनं सगळं सांगितलं. गांधीचं, मास्कचं, वजनाचंसुद्धा. 'वजन' हा शब्द या वेळी बराच सोपा गेला. ऐकून झाल्यावर त्यानं इतका मोठा श्वास सोडला, की फुंकायच्या नळीत सोडला असता तर डॉक्टर खूश झाले असते.

"मला वाटलं... काय काय वाटलं," तो म्हणाला. "काल रात्रभर मी तुमचा खोकलाच ऐकत होतो."

"मी तर घरी होते."

"तेच तर."

दोघं चालायला लागले. बसथांबा चढावर होता. रस्ता ओला, दोन्ही बाजूंना दुकानांच्या छपरांवरून थेंब गळत होते. तो तिच्या चालीनं चालत होता आणि तसं दाखवत नव्हता.

"नवीन खेप तुम्हालाच सांभाळावी लागणार," ती म्हणाली. "रोजची. मी आता फक्त काचेवरची फुप्फुसं बघणार."

"सांभाळीन."

"सगळ्या पिंजऱ्यांना सारखं."

"सारखं."

"एका रांगेला चिमूटभर भुसासुद्धा जास्त नाही."

"नाही." त्यानं वाटेतलं एक डबकं ओलांडलं. "पण मग एक अडचण आहे. मला सवय लागलीय... जास्तीचं करायची. ते आत चालणार नाही, तर मी ते करू कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"बाहेर केलेलं चालेल का?" तो आता तिच्याकडे बघत नव्हता, समोरच्या चढाला विचारत होता. "तुझ्यासाठी. म्हणजे... तू हो म्हणालीस तर. रोज. भुसा सोडून बाकी काहीही."

छोटी थांबली. एरवी चढावर दम लागला की ती फोन काढून त्यात महत्त्वाचं काही आल्यासारखं करी, चपलेचा पट्टा बघे, दुकानातल्या वस्तूंची किंमत वाचे. आज तिनं यांतलं काहीही केलं नाही. एक हात छातीवर ठेवला, दुसऱ्यानं त्याची ओली बाही धरली, आणि सरळ रस्त्याच्या मधोमध, त्याच्यादेखत, धापा टाकत उभी राहिली.

त्याचा चेहरा उतरला. "नको असेल तर... मी नुसतं विचारलं. राग आला का? बोल ना काहीतरी."

तिनं त्याची बाही अजून घट्ट धरली.

"अरे," ती म्हणाली, "हो म्हणायला श्वास तर घेऊ दे."